आपल्या कानांतील जबडा



ह्या क्षणीं आपण माझा आवाज ऐकत आहां. तो आपणांपर्यंत कसा पोंचला असें विचारलें, तर शाळेंतील मूलहि सांगेल कीं, नभोवाणीच्या यंत्रानें हवेंत कंप उत्पन्न केले, ते कानाच्या पडद्यावर आदळले आणि शब्द ऐकूं आले. परंतु पडद्याच्या पलीकडे काय घडलें? तेथें एका लहानशा पोकळींत तीन हाडें एकमेकांस टेकून बसलेलीं आहेत. आकारांवरून त्यांस हातोडी, ऐरण व रिकीब अशीं नांवें पडलीं आहेत. पडदा हालला कीं हातोडी हालते, हातोडी ऐरणीस हालविते, ऐरण रिकिबीस, आणि रिकीब आपल्या तळव्यानें अंतःकर्णाच्या खिडकीवर दाब देते. रिकिबीची उंची अवघी तीन मिलिमीटर. मनुष्याच्या देहांत तिच्याहून लहान हाड नाहीं. ही सांखळी मोकळेपणानें हालत असेल तरच माझे शब्द आपणांस नीट ऐकूं येतील.

ह्या तिहींपैकीं हातोडी व ऐरण हीं दोन हाडें एके काळीं जबड्यांत होतीं. आपल्या अतिप्राचीन पूर्वजांचा खालचा जबडा कवटीशीं ज्या ठिकाणीं सांधलेला असे, त्या सांध्याचींच तीं हाडें होत. ज्यांच्या आधारानें ते पूर्वज भक्ष्य चावीत, त्यांच्याच आधारानें आज आपण ऐकतों. हें स्थित्यंतर कसें घडलें, तें कोणत्या प्राण्यांच्या सांगाड्यांवरून कळलें, आणि त्या प्राण्यांचे अवशेष आपल्या महाराष्ट्राच्या किती जवळ सांपडले आहेत, हें सांगण्याचा आज माझा विचार आहे.

आरंभींच एक गोष्ट कबूल करणें अवश्य आहे. मी शास्त्रज्ञ नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून मीं छत्तीस वर्षें कल्याण व डोंबिवली येथील मुलांस शिकविलें. ह्या विषयाकडे मी वळलों तो ज्ञानाच्या ओढीनें नव्हे, तर व्याधीमुळें. माझा डावा कान कित्येक वर्षांपासून मंद होत चालला होता. गेल्या वर्षीं ठाण्याच्या एका डॉक्टरांनीं तो तपासला आणि कागदावर तीन हाडें काढून दाखवून ते म्हणाले, “गुरुजी, तुमची रिकीब जागच्या जागीं जखडली आहे. तिच्याभोंवतीं हाड वाढलें आहे. ती हालत नाहीं.” मीं सहज विचारलें, “हीं एवढीं बारीक हाडें कानांत आलीं तरी कशीं?” डॉक्टर हंसून म्हणाले, “त्यांतलीं दोन जबड्यांतून आलीं. पण ती हकीकत सांगत बसलों तर बाहेरचे रोगी माझ्यावर रागावतील.” त्यांनीं सांगितली नाहीं म्हणून ती हकीकत मी ग्रंथांतून शोधूं लागलों, आणि शोधतां शोधतां मला असें आढळून आलें कीं, छत्तीस वर्षें मी वर्गांत जें सांगत आलों, त्यांतील बरेंच चुकीचें होतें.

मी काय सांगत असें? आधीं मासे, मग बेडूक, मग सरपटणारे प्राणी. त्यांत डायनोसॉर माजले. ते नाहींसे झाले. आणि जागा रिकामी झाल्यावर सस्तन प्राणी उत्पन्न झाले. ही शिडी मुलांस पाठ करावयास सोपी जाते. परंतु ती खरी नव्हे. आपलें घराणें डायनोसॉरांहून जुनें आहे. सुमारें ३१ कोटि वर्षांपूर्वीं, युरोप-अमेरिकेंतील दगडी कोळसा ज्यांपासून झाला तीं अरण्यें उभीं असतांना, जमिनीवर अंडें घालूं शकणाऱ्या चतुष्पादांचीं दोन घराणीं वेगळीं झालीं. एका घराण्यांत पुढें पाली, साप, कासवें, सुसरी, डायनोसॉर व पक्षी निपजले. दुसऱ्या घराण्यांत गाय, वटवाघूळ, देवमासा आणि आपण. म्हणजे पाल ही आपली पणजी नव्हे. ती फार दूरची चुलत बहीण होय. ह्या दुसऱ्या घराण्यास शास्त्रांत सिनॅप्सिडा असें नांव आहे.

ह्या घराण्याची खूण कोणती, हें आपणांस बसल्या जागीं पाहतां येईल. आपलीं बोटें कानशिलावर ठेवा आणि दांतांवर दांत दाबा. बोटांखालीं एक स्नायु फुगलेला जाणवेल. जबडा मिटणारा हा स्नायु कानशिलापासून निघतो, गालावरील उंच हाडाच्या आंतल्या बाजूनें खालीं उतरतो आणि खालच्या जबड्यास चिकटतो. त्यास उतरावयास जी वाट आहे, तेंच आपलें कुलचिन्ह. प्राचीन सिनॅप्सिडांच्या कवटीस डोळ्यामागें, दोहों बाजूंस, ह्या स्नायूसाठीं एक एक छिद्र असे. सुसरी व डायनोसॉर ह्यांच्या कवटींत तशीं दोन दोन छिद्रें असतात. पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन आपण चित्रांत पाहिला असेल. खेळण्यांच्या दुकानांत तो डायनोसॉरांच्याच पेटींत मिळतो. परंतु त्याच्या कवटीस प्रत्येक बाजूस एकच छिद्र आहे. तेव्हां तो आपल्या बाजूचा. आणि पहिला डायनोसॉर जन्मास येण्याच्या तीन कोटींहून अधिक वर्षें आधींच तो नामशेष झाला होता.

डायमेट्रोडॉनच्या मागून ह्या घराण्यांत जे प्राणी आले, त्यांस थेरॅप्सिड म्हणतात. त्यांची एक शाखा डायसिनोडाँट, म्हणजे दोन सुळ्यांची. तिच्यांतील लिस्ट्रोसॉरस हा प्राणी साधारण डुकराएवढा. तोंडास कासवासारखी चोंच, आणि वरच्या जबड्यांतून खालीं आलेले दोन सुळे. सुमारें २५ कोटि २० लाख वर्षांपूर्वीं पृथ्वीवर आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला, आणि समुद्रांतील व जमिनीवरील बहुतेक जाति नष्ट झाल्या. त्यांतून जे थोडे वांचले, त्यांत लिस्ट्रोसॉरस होता. बंगालमध्यें राणीगंजच्या आसपास, दामोदर नदीच्या खोऱ्यांत, त्याच्या जातीचीं हाडें सांपडलीं व त्यांचें वर्णन टॉमस हक्स्ले ह्यांनीं १८६५ सालीं प्रसिद्ध केलें. तसलींच हाडें दक्षिण आफ्रिकेंत मिळालीं, चीनमध्यें मिळालीं, आणि १९६९ सालीं बर्फाखालच्या अंटार्क्टिकांतहि मिळालीं. हा ठेंगणा, जाड बांध्याचा प्राणी महासागर पोहून गेला असेल, असें कोणीहि म्हणणार नाहीं. अर्थात् त्या काळीं हे भूभाग जोडलेले होते, ह्या सिद्धान्तास त्यानें मोठी बळकटी आणली.

जोडलेल्या त्या दक्षिणेकडील भूखंडास जगांतील सर्व शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. हें नांव आपल्या देशांतील गोंड लोकांच्या मुलखावरून पडलें आहे. ज्या गोंडांच्या राजांनीं चांद्याचा कोट बांधला, त्यांचें नांव आज अंटार्क्टिकाच्या खडकांसहि लावितात. मीं छत्तीस वर्षांत हें एकाहि वर्गास सांगितलें नाहीं. कारण मलाच तें ठाऊक नव्हतें.

थेरॅप्सिडांच्या दुसऱ्या एका शाखेस सायनोडाँट, म्हणजे श्वानदंत, असें म्हणतात. आपला थेट संबंध ह्या शाखेशीं आहे. तिच्यांतील थ्रिनॅक्सोडॉन नांवाचा मांजराहून लहान प्राणी सुमारें २५ कोटि वर्षांपूर्वीं दक्षिण आफ्रिकेंत बिळांत राहत असे. त्याच्या सांगाड्यांत चार गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली दांतांची. सुसरीच्या तोंडांत सारे दांत जवळपास एका घडणीचे. परंतु ह्याच्या तोंडांत पुढें कुरतडण्याचे, मग सुळे, आणि मागें दाढांसारखे, अशी विभागणी स्पष्ट दिसते. दुसरी टाळूची. नाकाची वाट व तोंडाची वाट ह्यांच्यामध्यें हाडाची टाळू असल्यामुळें घांस चावतां चावतां श्वास घेतां येतो. आपलें तान्हें मूल आईचें दूध पितांना श्वास कोंडून घेत नाहीं, ती सोय ह्याच टाळूची. तिसरी गोष्ट बरगड्यांची. मानेपासून शेपटीपर्यंत एकसारख्या बरगड्या न राहतां त्या कंबरेपाशीं आंखूड झाल्या, आणि छाती व पोट हे भाग वेगळे दिसूं लागले. ह्यावरून छाती व पोट ह्यांच्यामधील श्वासपटल त्या वेळीं असावें असें पुष्कळ विद्वान् अनुमान करितात. आणि चौथी मानेची. त्याच्या मानेंत सात मणके आहेत. आपल्या मानेंत सात, उंदराच्या मानेंत सात, आणि जिराफाच्या एवढ्या लांब मानेंतहि सातच!

आतां मूळ मुद्द्याकडे, म्हणजे जबड्याकडे, वळूं. सुसरीचा खालचा जबडा प्रत्येक बाजूस अनेक हाडांचा जोडून झालेला असतो. आपला तसा नाहीं. ज्यांत दांत रोवलेले असतात, त्या एकाच हाडाचा आपला जबडा झालेला आहे. प्राचीन सिनॅप्सिडांचा जबडा ह्या बाबतींत सुसरीसारखा होता. दांतांच्या हाडामागें इतर कित्येक हाडें होतीं, आणि त्यांतील अगदीं मागचें हाड कवटीच्या एका हाडाशीं सांधलेलें होतें. पुढें पिढ्यान् पिढ्या दांतांचें हाड वाढत गेलें. जबड्याचे स्नायु त्याच्यावर येऊन बसले. आणि मागचीं हाडें बारीक व सैल होत गेलीं. हीं सैल हाडें जमिनीचा व हवेचा कंप रिकिबीकडे पोंचवीत असलीं पाहिजेत. कारण रिकीब त्यांच्या पूर्वींपासूनच कवटींत होती व तिचें टोंक त्यांस लागून होतें. अशा रीतीनें तीं हाडें कांहीं काळ दोन धन्यांची चाकरी करीत होतीं: चावण्याची व ऐकण्याची.

येथें कोणीहि चिकित्सक श्रोता विचारील कीं, सांध्याचीं हाडें जर सांध्यांतून निघून गेलीं, तर मधल्या काळांत तो प्राणी खात कसा होता? मोडक्या जबड्याचा प्राणी जगेल कसा? शंका अगदीं योग्य आहे, आणि पूर्वींच्या विद्वानांनींहि ती घेतली होती. तिचें उत्तर दगडांतूनच मिळालें. ब्रिटनमधील वेल्स प्रांतांत मॉर्गन्युकोडॉन नांवाच्या चिचुंद्रीएवढ्या प्राण्याचे अवशेष सांपडले. त्याचें नामकरण १९४९ सालीं झालें. तो सुमारें २० कोटि वर्षांपूर्वींचा. त्याच्या जबड्यास दोन सांधे आहेत: जुन्या हाडांचा जुना सांधा, आणि त्याच्या शेजारीं दांतांच्या हाडानें कवटीशीं केलेला नवा सांधा. नवा पूल वाहतुकीस खुला झाला, आणि मगच जुना मोडला. जुन्या सांध्याचीं हाडें तेव्हां मोकळीं झालीं, आणि त्यांतील जबड्याचें हाड हातोडी व कवटीचें हाड ऐरण होऊन कानांत स्थिरावलें. कानाचा पडदा ज्या कड्यावर ताणलेला असतो, तें कडेंहि जबड्याच्याच एका हाडाचें बनलेलें आहे.

ह्या गोष्टीस दुसराहि एक साक्षीदार आहे, आणि तो दगडांत नसून गर्भांत आहे. जीवाश्मांचा हा पुरावा हातीं येण्याच्या कितीतरी पूर्वीं, १८३७ सालीं, कार्ल रायखर्ट नांवाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें डुकराचे गर्भ तपासतांना पाहिलें कीं, हातोडी व ऐरण हीं आरंभीं जबड्याच्या कूर्चेच्या मागच्या टोंकाशींच तयार होतात. तुमच्या-माझ्या बाबतींतहि आईच्या उदरांत हेंच घडलें. आणि अमेरिकेंतील ऑपॉसम ह्या पोटाला पिशवी असलेल्या प्राण्याचें पिलूं जन्मतें तेव्हां त्याच्या ह्या हाडांचा जबड्याशीं संबंध अद्याप तुटलेला नसतो. तो मागाहून, पिशवींत दूध पीत असतांना, तुटतो. चीनमधील यानोकोनोडॉन ह्या सुमारें १२ कोटि वर्षांपूर्वींच्या प्राण्याचा सांगाडा २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्या प्रौढ प्राण्यांतहि कानाचीं हाडें एका बारीक दांड्यानें जबड्यास जोडलेलीं आहेत. दगड आणि गर्भ, ह्या दोन साक्षीदारांची एकमेकांशीं भेट झालेली नसतां त्यांची जबानी तंतोतंत जुळते, ह्याहून बळकट पुरावा तो कोणता?

मॉर्गन्युकोडॉनविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुसरीचे दांत आयुष्यभर पडतात व पुन्हां येतात. मॉर्गन्युकोडॉनचे पुढचे दांत एकदांच पडून पुन्हां येत. म्हणजे आपल्याप्रमाणें त्याला दुधाचे दांत होते. जन्मल्याबरोबर दांतांची गरज नसणें म्हणजे आई दूध पाजीत असली पाहिजे, असें शास्त्रज्ञ ह्यावरून अनुमानितात. दूध दगडांत टिकत नाहीं. परंतु दुधाच्या दांतांनीं त्याची साक्ष ठेविली आहे.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. नागपुरास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी राहत असत. शिकविण्याचें काम संभाळून ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हे आसपासचे खडक धुंडाळीत. नागपूरच्या दक्षिणेस सुमारें ६० मैलांवर मंगली गांवीं त्यांस एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. १८५५ सालीं इंग्लंडांत रिचर्ड ओवेन ह्यांनीं तिचें ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असें नामकरण केलें. हिस्लॉप १८६३ सालीं ताकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत बुडून वारले. मास्तरकी करीत असतांना सुट्टीच्या दिवशीं दगड फोडीत हिंडणारा हा गृहस्थ मला आज माझ्याच धंद्यांतला वडील बंधु वाटतो.

त्याच्या खालीं, आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत, सिरोंच्याच्या उत्तरेस प्राणहितेच्या कांठीं कोटा नांवाचें गांव आहे. ह्या गांवावरून खडकांच्या एका थराला जगभर कोटा असें नांव आहे. प्राणहिता-गोदावरीचें हें खोरें म्हणजे आपल्या घराण्याचें दप्तरच होय. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेंत १९५७ सालीं लंडनच्या पामेला रॉबिन्सन ह्या विदुषी आल्या, आणि त्यानंतर तेथील मंडळींनीं ह्या खोऱ्याचा पद्धतशीर शोध चालविला. नदीपलीकडील, आजच्या तेलंगणांतील, लाल मातींतून त्यांनीं वाडियासॉरस हा दोन सुळ्यांचा, बैलाच्या बांध्याचा प्राणी काढला. त्याचें नांव थोर भूशास्त्रज्ञ दाराशा नौशेरवान वाडिया ह्यांच्यावरून १९७० सालीं ठेवण्यांत आलें. तेथेंच एक श्वानदंतहि मिळाला. त्याचें नांव एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिसी. म्हणजे संख्याशास्त्राचें नांव वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या प्राण्यास लाभलें.

कोटा थरांत बारापासॉरस नांवाच्या, चाळीस फुटांहून लांब अशा प्रचंड डायनोसॉराचीं हाडें मिळालीं, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्याच थरांतून अगदीं चिमुकले दांतहि निघाले. ते सस्तन प्राण्यांचे होते. त्यांपैकीं एकाचें वर्णन १९८१ सालीं पी. एम्. दत्त ह्यांनीं प्रसिद्ध केलें व त्यास कोटाथेरियम हॉल्डेनी असें नांव दिलें. भारतांतील जुरासिक कालखंडांतला ओळखला गेलेला हा पहिला सस्तन प्राणी. हॉल्डेन हे विख्यात जीवशास्त्रज्ञ भारताचे नागरिक झाले होते व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तले, हें आपणांस स्मरत असेल. तात्पर्य, बारापासॉरस ज्या काळीं प्राणहितेच्या प्रदेशांत झाडें ओरबाडीत होता, त्याच काळीं त्याच्या पायांशीं आपले आप्त किडे वेंचीत होते. “डायनोसॉर मेले, मग सस्तन जन्मले” हें माझें वाक्य तेथेंच खोटें ठरतें.

ह्यावर ठाणें-कल्याणचा श्रोता म्हणेल, “हें सारें चांद्याकडचें झालें, आमच्या इकडे काय आहे?” आमच्या इकडे काळा दगड आहे. मलंगगड काळ्या दगडाचा, पारसिकचा डोंगर काळ्या दगडाचा. कळवा व मुंब्रा ह्यांमधल्या पारसिकच्या बोगद्यांतून, जो १९१६ सालीं खुला झाला, आपण जातों, तेव्हां थिजलेल्या लाव्हाच्या पोटांतून जात असतों. सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वींच्या सुमारास दख्खनच्या भूमीला भेगा पडून हा लाव्हा थरावर थर असा पसरला. ह्या दगडांत जीवांचा मागमूस असणें शक्य नाहीं, असें मी समजत होतों, आणि तसेंच शिकवीत होतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. माझ्या वर्गांत दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या एका मजुराचा मुलगा होता. एके दिवशीं त्यानें खिशांतून एक पांढरा चकचकीत खडा काढून माझ्यापुढें ठेविला आणि विचारलें, “गुरुजी, हा कुणाचा दांत आहे?” तो दांत नव्हता, काळ्या खडकांतील पोकळींत तयार होणारा स्फटिक होता. एवढें मला ठाऊक होतें. मीं तो वर्गास उंच धरून दाखविला. मुलें हंसलीं, मीहि हंसलों, आणि खडा खिडकींतून बाहेर फेंकला. “आपल्या दगडांत जनावरें नसतात, वही काढ,” असें मीं म्हटलें. मुलगा निमूटपणें खालीं बसला. पुढें वर्षभरांत त्यानें मला एकहि प्रश्न विचारला नाहीं.

खड्याविषयीं माझें म्हणणें बरोबर होतें. दगडाविषयीं तें चूक होतें. लाव्हा एकसारखा वाहत नव्हता. एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत हजारों वर्षें जात. तेवढ्या अवधींत थंड झालेल्या खडकावर माती होई, तळीं सांचत, झाडें वाढत, आणि प्राणी येऊन राहत. मग पुन्हां लाव्हा येई व तें सारें झांकून टाकी. अशा दोन थरांमध्यें सांपडलेल्या गाळांतून मुंबईस वरळीच्या टेकडीपाशीं चिमुकल्या बेडकांचे सांगाडे निघाले; रिचर्ड ओवेन ह्यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें. तेथील गाळांत कासवहि मिळालें. आज तेथें इमारती उभ्या आहेत. आणि हैद्राबादच्या पश्चिमेस विकाराबादजवळ नासकल येथें अशाच गाळांतून जी. व्ही. आर्. प्रसाद व अशोक साहनी ह्यांस सस्तन प्राण्यांचे दांत मिळाले. १९८८ सालीं त्यांनीं त्या प्राण्याचें डेक्कनोलेस्टीस हिस्लॉपी असें नामकरण केलें. त्या नांवांत आपलें दख्खन आहे, आणि नागपूरचे ते हिस्लॉप मास्तरहि आहेत.

हे दांत कसे शोधतात, हें ऐकण्यासारखें आहे. गाळाची माती पोत्यांनीं आणावयाची, पाण्यांत भिजवून विरघळवावयाची, बारीक चाळणींतून गाळावयाची, आणि चाळणींत राहिलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखालीं निवडावयाचा. आमच्या घरांतील स्त्रिया तांदूळ निवडतात त्याहूनहि अधिक धीरानें हें काम करावें लागतें. हातीं काय लागतें, तर मोहरीच्या दाण्याएवढी एक दाढ. परंतु त्या दाढेच्या उंचवट्यांवरून तो प्राणी किडे खाणारा होता हें समजतें. पुढें १९९४ सालीं त्याच्या घोट्याचीं हाडें प्रसिद्ध झालीं. त्यांवरून तो झाडांवर चढणारा असावा असें दिसून आलें. एका बाजूस जमीन फाटून अग्नि वाहत आहे, दुसऱ्या बाजूस डायनोसॉर आपल्या अखेरच्या काळांत वावरत आहेत, आणि मध्यें एका फांदीवर चिचुंद्रीएवढा हा जीव किडा धरून बसला आहे. त्याच्या कानांत हातोडी, ऐरण व रिकीब हीं तिन्ही हाडें आपल्यासारखींच जागच्या जागीं बसलेलीं असलीं पाहिजेत. कारण कानांतील ही व्यवस्था त्याच्या कितीतरी पूर्वींच पुरी झाली होती. पुढें डायनोसॉर गेले. असले लहान जीव राहिले.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न अशा रीतीनें मोठा होता. तो एका खड्याविषयीं विचारीत होता. मीं उत्तर दिलें साऱ्या डोंगराविषयीं, आणि तें चुकीचें दिलें. आमच्या भागांत आज डोंगर फोडण्याचें काम रात्रंदिवस चालू आहे. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें कधीं कधीं हिरवट, तांबूस किंवा राखी मातीचा पट्टा दिसतो. प्रत्येक पट्ट्यांत कांहीं सांपडेलच असें नाहीं. बहुतेकांत कांहींच सांपडणार नाहीं. परंतु पाहिल्यावांचून तें कळावें कसें? कोणास शिंपला, पान, हाड किंवा दांत ह्यांसारखें कांहीं दिसलें, तर तें उकरून घरीं नेऊं नये; जागा, थर व दिवस लिहून ठेवावा, शक्य तर छायाचित्र घ्यावें, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यास किंवा जवळच्या महाविद्यालयांतील भूशास्त्राच्या अध्यापकांस कळवावें. जागेवरून उचललेला दांत म्हणजे पत्ता फाडून टाकलेलें पत्र होय.

आणि शिक्षकबंधु व भगिनी, आपणांस माझी एक विनंती आहे. मूल दगड घेऊन आलें, तर तो आधीं हातांत घ्यावा. तो दांत नसला तर नाहीं म्हणून सांगावें. परंतु तो काय आहे व दांत कसा असता, हेंहि सांगावें. आपणांस ठाऊक नसेल तर ठाऊक नाहीं असें म्हणावें. त्यानें शिक्षकाचा मान कमी होत नाहीं. मीं तसें केलें नाहीं, त्याची रुखरुख मला आहे.

पुढील महिन्यांत माझ्या डाव्या कानावर शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. जखडलेली रिकीब काढून तिच्या जागीं एक बारीक कृत्रिम दांडी बसवितील. हातोडी व ऐरण मात्र जुन्याच राहतील. त्यांस वीस कोटि वर्षांची नोकरी झाली आहे व अद्याप त्यांची तक्रार नाहीं. ज्या मुलाचा खडा मीं फेंकून दिला, तो आज चाळिशीच्या पलीकडे असेल. हें भाषण कदाचित् त्याच्या कानीं पडेल. तसें झालें तर त्यास माझें एवढेंच सांगणें आहे: बाळ, तो दांत नव्हता, पण तुझा प्रश्न योग्य होता, आणि माझें हंसणें अयोग्य होतें. अजून एखादा खडा तुझ्यापाशीं असेल तर घेऊन ये. ह्या वेळीं मी नीट ऐकेन.